तेरची हस्तिदंती बाई

पंढरपूरहून कुर्डुवाडी, बार्शी करत गेलं की पुढं धाराशिव जिल्ह्यातलं तेर लागतं. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक. दोन हजार वर्षांपूर्वी याचंच नाव तगर. इजिप्तकडच्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ या ग्रंथात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं नोंदवलंय. इथला माल गाड्यांनी भडोचच्या बंदराला जाई, आणि भडोचहून परदेशी जाणाऱ्या जिनसांत हस्तिदंतही असे.

तेरच्या पांढरीतून रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वस्तू वेचल्या. त्यांच्या नावाच्या संग्रहालयात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. तिच्या घराण्यातली एक भोकरदनला सापडली, दुसरी १९३८ साली थेट इटलीत, इ.स. ७९च्या ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत. पॉम्पेईतली ही मूर्ती जेमतेम २५ सेंटिमीटर उंच. पोटऱ्या झाकणारे वाळे, हातभर बांगड्या, दोन्ही अंगांना शृंगाराची भांडी घेतलेल्या दासी. तिला लक्ष्मी म्हणतात, ते मला पटत नाही. तिच्या डोक्यातून खाली भोक पाडलंय. पूजेची मूर्ती असं कोण पोखरेल? आरशाची मूठ किंवा तिवईचा पाय असावा. म्हणजे रोज कुणाचा तरी हात लागून गुळगुळीत होणारी घरातली वस्तू, आणि तिच्यावर एवढी मेहनत!

हस्तिदंत कोरणाऱ्या अशा कारागिरांचा हात किती तयार होता, ते सांचीला कळतं. तिथल्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावरचं कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनी केल्याचा लेख दगडावरच आहे.

हस्तिदंताची ही कला इजिप्तमध्येही होती. पुढं चौथ्या ते सातव्या शतकात तिथल्या कॉप्ट, म्हणजे ख्रिस्ती, कारागिरांनी लाकडी पेट्यांवर नाचऱ्या स्त्रिया आणि द्राक्षवेली कोरलेल्या पट्ट्या बसवल्या. हस्तिदंत महाग, म्हणून पुष्कळदा साधं हाड वापरलं. कोरलेल्या रेघांत रंगीत मेण भरलं. लाकूड कुजलं, पट्ट्या तेवढ्या उरल्या.

हाड आणि हस्तिदंत यांतला फरक डोळ्यांना दिसतो. हाडावर रक्तवाहिन्यांचे बारीक काळे ठिपके असतात. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. नांगरटीत, पांढरीची माती उकरताना असा कोरलेला तुकडा हाती आला, तर कृपा करून घासू नका, फेकू नका. जागा लक्षात ठेवा आणि तहसील कचेरीत किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा.