एक नांव, दोन गांवें



गेल्या पावसाळ्यांत एके मध्यरात्रीं मला पुण्याहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "गुरुजी, अकोल्यांत धो धो पाऊस चालला आहे म्हणे. बाबा फोन उचलीत नाहींत. आपण जरा पाहून याल का?" मीं खिडकी उघडली, तों आकाश चांदण्यांनीं भरलेलें! वडील शांतपणें निजले होते, इतकेंच. मुलानें शोधयंत्रास 'अकोल्यांत पाऊस' एवढेंच विचारलें होतें; आणि यंत्रानें दिलेल्या दहाही बातम्या सह्याद्रीच्या कुशींतील, भंडारदऱ्याच्या अकोले तालुक्याच्या होत्या.

दोष मुलाचा नाहीं. अकोला काय किंवा अकोले काय, विभक्ति लागतांच दोहोंचें सामान्यरूप एकच होतें. अमरावतीची गत तर याहून बिकट. इंद्राची नगरी तीच, कृष्णाकांठची स्तूपाची नगरी तीच, आणि आमच्या वऱ्हाडांतील अंबादेवीची नगरीही तीच!

अशा शब्दांसाठीं अमरसिंहानें आपल्या कोशांत नानार्थवर्ग रचला. 'हरि' म्हटलें कीं विष्णु, सिंह, वानर, घोडा, फार काय बेडूकसुद्धां, सारे एका रांगेंत उभे. वाचकानें हवा तो अर्थ उचलावा. प्रत्येक पानाची योग्यता निरनिराळी जोखणाऱ्या यंत्रास ही रांग साधत नाहीं. एका अर्थाचीं पानें वजनदार ठरलीं कीं पहिल्या दहा जागा तींच बळकावतात, आणि दहावें पान नवव्याचीच री ओढतें.

१९९८ सालीं कार्बोनेल व गोल्डस्टीन या अमेरिकेंतील संशोधकांनीं यावर उपाय सुचविला. पुढचें पान निवडतांना तें प्रश्नाशीं किती जुळतें हें तर पाहावेंच. पण आधीं निवडलेल्या पानांशीं तें जितकें सारखें, तितके त्याचे गुण कापावेत. माझ्यासारख्या मास्तरास हें तत्काळ पटतें. शेजाऱ्याचा पेपर उतरविणाराचे गुण आम्हीही कापीतच होतों! पुढें २००९ मध्यें राकेश अग्रवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, शब्दाचा कोणता अर्थ किती संभवनीय आहे तें हिशेबांत धरून, विचारणारास निदान एक तरी उपयोगी उत्तर मिळण्याचा संभव वाढावा अशी रीत मांडली. सर्व अर्थांना सारखी जागा द्यावी, असें तींत नाहीं. तें योग्यच; 'अकोला कापूस भाव' विचारणारास भंडारदरा दाखविणें हाही वेडेपणाच.

त्या रात्रीं मुलाची झोंप तेवढी उडाली. परंतु मोर्णेला खरोखरीच पूर आला असता, आणि दहाही ठिकाणीं अकोले तालुक्यांतील उघडीप दिसली असती, तर त्यानें मला फोनच केला नसता.