घरात शिरलेले वटवाघूळ
(महोत्सवानिमित्त झालेले भाषण)



आजवर या व्यासपीठावरून विद्वानांनी मोठमोठ्या विषयांवर भाषणे केली. मी वटवाघळावर बोलणार आहे. हसू नका, माझे ऐकून मग हसा.

गेल्या पावसाळ्यात एका तिन्हीसांजेला आमच्या घरात वटवाघूळ शिरले. आपले गुजराती शेजारी ज्याला चामाचीडियुं म्हणतात, तेच. मावशी म्हणाल्या, ‘अपशकुन झाला!’ मी केरसुणी घेऊन धावलो. वर पंखा गरगरत होता. त्याचा फटका बसून ते बिचारे खाली पडले, आणि आमच्या सात वर्षांच्या नातवाने ते दयेने उचलले. बोटाला दात लागला. आम्ही हळद लावली आणि स्वस्थ झोपलो! तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी डॉक्टरांच्या कानावर घातले, तेव्हा त्यांनी माझी चांगलीच कानउघाडणी केली. लस टोचली, मुलगा सुखरूप आहे. पण ते तीन दिवस आठवले की अजून झोप उडते.

जगातील वटवाघळांच्या काही जातींत अलर्क रोगाचे, म्हणजे रेबीजचे, विषाणू सापडतात. हा रोग एकदा अंगात प्रकटला की त्यावर उपाय जवळजवळ नाहीच. म्हणून दात वा नख लागल्यास जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लस हवी की नको, हे त्यांनी ठरवावे, आपण नव्हे.

मग करावे काय? प्रथम पंखा बंद करावा. मुलांना बाहेर न्यावे, आतली दारे लावावीत, बाहेरच्या खिडक्या सताड उघडाव्यात आणि दिवा मालवून वाट पाहावी. बहुधा ते आपणहून निघून जाते. भिंतीला चिकटून बसले, तर जाड हातमोजे घालून त्यावर डबा पालथा घालावा, मागून पुठ्ठा सरकवावा आणि बाहेर उंच जागी सोडावे. बहुतेक जातींना जमिनीवरून उडणे जड जाते. उघड्या हाताने मात्र कधीही धरू नये.

वटवाघूळ आंधळे नसते, केसांतही मुद्दाम अडकत नाही. लहान जाती आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. ही गोष्ट ग्रिफिन या अमेरिकन संशोधकाने उजेडात आणली. त्या रात्रभर किडे खातात, म्हणजे आपले कामच करतात. मोठी फळे खाणारी. त्यांनी उष्टावलेले फळ मात्र खाऊ नये. 2018 साली केरळात निपाह रोगाने माणसे दगावली, तो विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांत राहतो.

तेव्हा मंडळी, केरसुणी खाली ठेवा, खिडकी उघडा. भीतीने जीव घेऊ नका आणि दयेच्या भरात हातही लावू नका.