हाडाला निरोप

मोडलेला हात नीट बांधला की दीडदोन महिन्यांत हाड बहुधा सांधते, हे नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु श्रोतेहो, सांधण्याचा निरोप हाडाला देतो कोण?

१९६५ साली अमेरिकेतील शस्त्रवैद्य मार्शल युरिस्ट यांनी क्षार काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूंत ठेविले. तेथे चक्क नवे हाड उत्पन्न झाले! हाडातच वसणाऱ्या काही प्रथिनांचे हे कार्य होय. त्यांस वृद्धिघटक म्हणतात. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी एका रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे मळसूत्री खिळे बसविले व हाड त्यांस घट्ट धरून राहिले. आज हे दोन्ही शोध एकत्र आले आहेत. खिळ्याभोवती हाड उणे असेल तेथे वृद्धिघटक घालून ते वाढवितात. मात्र मानेच्या मणक्यांत असे प्रथिन घातल्याने सूज येऊन श्वास कोंडतो, असा इशारा अमेरिकी सरकारने २००८ साली दिला.

नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्तदोष आढळतो. त्यात बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, खुब्याचे हाड मरते आणि पुष्कळदा तरुणपणीच कृत्रिम सांधा बसवावा लागतो. अशा हाडाला नुसता निरोप पुरत नाही. नवे हाड घडण्यास वाहते रक्त हवे. म्हणून रक्ताची तपासणी आधी आणि खुबा दुखू लागताच वैद्याची भेट, हाच खरा उपाय होय.