नाम मुखी, अर्थ ग्रंथी



बासरच्या सरस्वतीपुढे लेकरांना अक्षराभ्यास करविणाऱ्या आपल्या परिसराला अक्षराचे पावित्र्य निराळे सांगायला नको. ज्यू परंपरेत ईश्वराचे चार अक्षरी नाम उच्चारीत नाहीत. त्याऐवजी ‘अदोनाय’ म्हणतात. प्राचीन मांत्रिकांनी अशी नामे ताइतांवर कोरली, गूढवाद्यांनी ती ध्यानी धरली.

कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल हिब्रू विसरले. तरी ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी सुंता, विवाह व मृत्युप्रसंगी मुखी राखली, असे त्यांची परंपरा सांगते. १८३२ साली जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले आणि मुखातल्या शब्दांना अर्थाची वाट मिळाली.

आपल्या सीमाभागात मराठीही नुसती मुखी उरू नये, म्हणून ही शंभर वर्षांची कपाटे उघडी ठेवू या.