रुळाला वळायचं कारण द्या

आज मॉडेल रेल्वेच्या सीनरीबद्दल बोलू. ट्रॅक जोडला, वायरिंग झालं, गाडी गोल गोल पळतेय, पण दहा मिनिटांत कंटाळा येतो आणि सगळं खेळणं वाटायला लागतं. बरेच लेआउट याच टप्प्यावर माळ्यावर जातात. माझं म्हणणं असं, की यात गाडीचा दोष नसतो. रूळ का वळतोय, याचं उत्तर टेबलावर कुठे दिसत नाही, ही खरी अडचण असते. खरा रूळ डोंगर आला म्हणून वळतो, आपला रूळ टेबल संपलं म्हणून वळतो. सीनरीचं पहिलं काम म्हणजे हे लपवणं.

उदाहरण आपल्या बोरघाटाचं घेऊ. कर्जत ते लोणावळा, १८६३ साली सुरू झालेला मार्ग, चढ ३७ला १. आपण एचओ स्केल धरू, म्हणजे १:८७. आता जरा आकडे बघा. सहा फुटी टेबल म्हणजे खऱ्या घाटातले जेमतेम १६० मीटर. भारतीय ब्रॉडगेजवर साधारण १७५ मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळण देत नाहीत. ८७ने भागलं तर झाले दोन मीटर. म्हणजे नुसतं अर्धवर्तुळ काढायला चार मीटर रुंदी हवी! घरी आपण वापरतो ती वळणं साधारण ४४ सेंटिमीटर त्रिज्येची. मग ही वळणं दिसू द्यायचीच कशाला? दोन्ही टोकांची वळणं बोगद्यात घाला आणि समोरचा सरळ किंवा किंचित वाकडा भाग तेवढा उघडा ठेवा. बोगदे घाटात शोभतातही. आणखी एक फायदा म्हणजे गाडी लांब वाटते. आपला एक डबा होतो साधारण पाव मीटरचा. तीन डबे एका बोगद्यातून निघून दुसऱ्यात शिरले, की बघणाऱ्याला मागे अजून डबे असतील असंच वाटतं.

दुसरी गोष्ट, रूळ चढवू नका, जमीन उतरवा. ३७ला १ने सहा फुटांत रूळ फक्त पाच सेंटिमीटर चढतो, त्यातून घाट काही दिसत नाही. त्यापेक्षा ट्रॅक टेबलापासून १२-१५ सेंटिमीटर उंच फळीवर सपाट ठेवा. एका बाजूला कडा वर न्या, दुसऱ्या बाजूला दरी खाली सोडा. खिडकीतून खाली बघितल्यावर पोटात गोळा येतो ना, तो इथे येतो.

आता डोंगर कसा करायचा? लहानपणी दिवाळीचा किल्ला केला असेल तर अर्धं काम तुम्हाला येतंच. दगड रचून त्यावर चिखलात भिजवलेलं गोणपाट टाकायचो, तेच इथे. खाली थर्माकोलचे तुकडे आणि चुरगळलेली वर्तमानपत्रं. वर मेडिकलमध्ये मिळतं ते प्लास्टरचं बँडेज, पट्ट्या कापून पाण्यात बुडवून एकावर एक. एक दिवस वाळू द्या. फक्त थर्माकोल उघडा असेल तिथे स्प्रे पेंट मारू नका, विरघळतो. ॲक्रिलिक रंग ब्रशने लावा.

खडकाकडे मात्र नीट लक्ष द्या. बाहेरून येणारे तयार साचे बहुतेक वेळा आल्प्ससारखे, टोकदार आणि करडे. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. त्यामुळे कडा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, उभा काळा पट्टा, मग गवताची आडवी पट्टी, परत काळा पट्टा. प्लास्टर अर्धवट ओलं असताना सुरीने आडव्या रेघा मारा, मग थोड्या उभ्या भेगा. रंग सरळ काळा देऊ नका. गडद राखाडी द्या, त्यावर पातळ तपकिरी पाणी सोडा, शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिकट राखाडी ओढा. इतकं केलं तरी डोंगर आपला दिसतो.

मग महिना ठरवा. हो, महिना! जुलै असेल तर धबधबे, शेवाळ, गडद हिरवा. एप्रिल असेल तर वाळलेलं पिवळं गवत आणि निष्पर्ण साग. दोन्ही एकत्र केले की बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण पटत नाही. मला सप्टेंबर आवडतो, गवत उंच झालेलं, सोनकीचे पिवळे ठिपके, एखादी बारीक धार अजून वाहतेय. पाकिटातला हिरवा रंग फार एकसारखा असतो. त्यात रंगवलेला लाकडाचा भुसा आणि वाळवलेली चहापत्ती मिसळा.

खडी टाकताना घाई नको. खरी खडी ५० मिलिमीटरची धरली तर आपल्याकडे ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. म्हणजे चाळलेली बारीक वाळू चालते. ब्रशने स्लीपरांच्या मध्ये बसवा आणि भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब घातलेलं पाणी फवारा. त्यानंतर निम्मं फेविकॉल, निम्मं पाणी ड्रॉपरने सोडा. साबणामुळे गोंद आत जिरतो, नाहीतर वर गोळे होतात. पॉइंटच्या हलत्या भागांपासून गोंद लांब ठेवा.

शेवटी माणसांच्या खुणा. घाटात उतारावर कॅच सायडिंग असतं. ब्रेक निकामी झालेली गाडी वळवून थांबवण्यासाठी चढावर नेलेला रुळाचा तुकडा. कड्यावर दरडी अडवणारी जाळी असते. पावसाळ्याआधी रेल्वेची माणसं डोंगरावर चढून सुटे दगड शोधून खाली पाडतात. जाळीसाठी जुनी मच्छरदाणी घ्या, राखाडी रंगवा. दोराला लटकलेली दोन माणसं कड्यावर ठेवा. एक फूटभर सायडिंग, थोडी जाळी, दोन माणसं. एवढ्यावर बघणाऱ्याला कळतं, की हा डोंगर रेल्वेला सहज वाट देत नाही. रूळ इथून का गेला आणि तो टिकवायला रोज काय लागतं, हे टेबलावर दिसायला लागतं.

बाजारातून काही आणण्याआधी एकदा दिवसाच्या गाडीने घाट चढून या. फोन खिशात ठेवा, वही घ्या. खडकाचा रंग, गवत कुठून सुरू होतं, बोगद्याच्या तोंडावर ओल कुठे आहे, एवढंच टिपा. वहीची ती दोन पानं कुठल्याही महागड्या किटपेक्षा जास्त उपयोगी पडतील. भेटू पुढच्या भागात.