मुलांच्या फुरसतीचा प्रश्न

(पालकांच्या सभेत केलेले भाषण)



किशोरवयीन मुलाच्या हातातील मोबाईल हा आज घरोघरी कलहाचा विषय झाला आहे. आईबाप मुलाला दोष देतात, शिक्षक आईबापांना. या दोषारोपात खरा लाभधारक मात्र नामानिराळा राहतो. पडद्यावरील चित्रफितींना शेवट ठेवलेला नाही, कारण मूल जितका वेळ खिळून राहील तितक्या जाहिराती खपतात. इन्स्टाग्राममुळे अनेक मुलींच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी न्यूनगंड वाढतो, असे कंपनीच्याच संशोधनात आढळले होते. फ्रान्सिस हॉगेन यांनी २०२१ मध्ये ती कागदपत्रे उघड केली. अशा यंत्रणेपुढे चौदा वर्षांच्या मुलाला एकटे उभे करून त्याच्या मनोनिग्रहाची परीक्षा घेणे हा अन्याय आहे.

एकट्या बापाच्या धाकाने तो दूर होणार नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांना संघटित केले म्हणून. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये असाच सामुदायिक मार्ग धरला. संध्याकाळी सातला भोंगा वाजे आणि दीड तास घराघरांतील टीव्ही व मोबाईल बंद होत. बंधन थोरांवरही होते, हे त्यातील मर्म. ‘इतरांना चालते, मग मलाच का नाही?’ या मुलाच्या प्रश्नाला तिथे जागाच उरली नाही.

परंतु केवळ बंदीने पालकाचे कर्तव्य संपत नाही. एखाद्या मुलीचे छायाचित्र विकृत करून तिला कोणी धमकावले, तर ती घरी बोलेल काय? बहुधा नाही. मोबाईल जाईल, कदाचित शाळाही सुटेल, ही तिची धास्ती. अपराध दुसऱ्याचा आणि शिक्षा तिला! धमकावणाऱ्याचे सारे बळ तिच्या या मौनात आहे. म्हणून तिला आजच सांगून ठेवा : काहीही घडले तरी तुला बोल लावणार नाही, तुझे शिक्षण थांबणार नाही. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे, हेही तिला ठाऊक हवे.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी झालेल्या २०२३ च्या कायद्यात मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई करणारी तरतूद आहे. ती कागदावर राहू नये, यासाठी पालकांनी संघटितपणे आग्रह धरला पाहिजे. मुलांची फुरसत ही कोणाच्या नफ्याची खाण होता कामा नये.