तो पुरुष कुठे आहे?
(भांडुप येथे ख्रिस्ती महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



सामान्य बाईलाही वाचता यावं म्हणून पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणलं. तेव्हा मंडळीची रीत शास्त्रावर आपणच पारखू.

योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात धरलेली बाई एकटीच उभी आहे. लेवीय 20:10 मध्ये मात्र शिक्षा दोघांनाही आहे.

1869 च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरे होता. बायकोला त्याबरोबर क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला. 2001 मध्ये संसदेने कायदा बदलला.

तुमच्या मंडळीत जाब बाईलाच विचारला जात असेल, तर लेवीय उघडा आणि विचारा: तो पुरुष कुठे आहे?